धरून आणलेला रोगी बरा होतो काय?

सक्तीने विद्या येते काय, हा वाद आम्हां बडोदेकरांना नवा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली कायदा करून तो साऱ्या राज्यास लागू केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दंड होत असे. दंडाच्या भीतीने आणून बसवलेले पोर पाटीवर काय गिरवणार, अशी कुरकूर त्या काळी कोणी केली नसेल तरच नवल. आज त्या वादाचा निकाल लागून गेला आहे. परंतु त्याच जातीचा दुसरा एक प्रश्न आता पुष्कळ घरांच्या उंबरठ्यावर येऊन उभा आहे आणि त्याचे उत्तर इतके सोपे नाही. मारून मुटकून वैद्यबुवा होतात, असे आपल्याकडे गमतीने म्हणतात. पण मारून मुटकून रोगी बरा होतो काय?

येथे रोगी म्हणजे दारूच्या किंवा गर्दसारख्या अमली पदार्थाच्या आहारी गेलेला माणूस. अशा माणसाच्या घरी दोन सल्ले एकाच ओसरीवर, एकाच संध्याकाळी ऐकू येतात. आई म्हणते, "त्याचे मन तयार झाल्याखेरीज काही उपयोग नाही, थोडी वाट पाहू." काका म्हणतात, "वाट कसली पाहता? उचलून केंद्रात नेऊन टाका, म्हणजे येईल शुद्धीवर." दोघांनाही मुलाचे बरेच पाहावयाचे असते. पण वाट पाहण्यात त्याचा जीव जाण्याची भीती असते, आणि उचलून नेण्यात तो घराला कायमचा पारखा होण्याची. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आईच्या मायेवर किंवा काकांच्या रागावर सोडून चालणार नाही. ज्यांनी अशी माणसे शेकड्यांनी पाहिली आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांची मोजदाद ठेवली, त्यांचा अनुभव काय सांगतो, हे पाहिले पाहिजे.

प्रथम एक खुलासा. अंगातील नशा उतरवणे ही उपचाराची केवळ पहिली पायरी होय. ती औषधाने काही दिवसांत ओलांडता येते. खरा उपचार त्यानंतर सुरू होतो. जाणत्या माणसासमोर बसून बोलावयाचे, आपल्यासारख्याच इतरांच्या मंडळात आपली कहाणी सांगावयाची, कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत, कोणत्या दुःखापायी हात बाटलीकडे जातो ते ओळखावयाचे आणि त्या वेळी दुसरे काय करावयाचे ते शिकावयाचे. हा सारा व्यवहार बोलण्याचा आणि ऐकण्याचा आहे. हाड मोडले असता रोग्याची इच्छा असो वा नसो, प्लास्टर बसते. पण येथे रोग्याने तोंडच उघडले नाही तर उपचार व्हावयाचा कसा? सक्तीबद्दलची शंका निघते ती येथूनच.

या शंकेची सर्वांत मोठी परीक्षा झाली ती अमेरिकेत, केंटकी संस्थानातील लेक्सिंग्टन या गावी, आणि तिची हकीकत संगीताच्या विद्यार्थ्याने तर अवश्य वाचावी अशी आहे. १९३५ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने तेथे सुमारे हजार एकर जमिनीवर एक अजब संस्था उघडली. ती अर्धी रुग्णालय होती, अर्धी तुरुंग. अफूपासून निघणाऱ्या पदार्थांचे व्यसन जडलेले कैदी तेथे शिक्षा भोगण्यासाठी पाठवले जात, आणि त्यांच्या शेजारच्याच खोल्यांतून स्वतः होऊन आलेले रोगीही राहत. दोघांना उपचार एकच. शेतीकाम, गोठा, शिवणकाम, डॉक्टरांशी बोलणे, मंडळात बसणे, आणि संध्याकाळी गाणेबजावणे. फरक इतकाच की कैद्याला मुदत भरल्याखेरीज बाहेर पडता येत नसे आणि आपखुशीने आलेल्यास वाटेल तेव्हा निघून जाता येई.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेतील जाझ वाजवणाऱ्या मंडळींत हेरॉईनचा प्रसार इतका झाला होता की लेक्सिंग्टनच्या त्या आवारात थोरथोर कलावंतांची हजेरी लागून गेली. टॅड डॅमरन हा नामांकित स्वररचनाकार शिक्षा होऊन १९५९ ते १९६१ या काळात तेथे होता आणि तेथल्या वाद्यवृंदाचे काम तो पाहत असे. सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सची कथा याच्या उलट. तरुणपणी त्याने तुरुंग पाहिला होता, पॅरोलचा भंग केल्यामुळे तो पुन्हा आतही गेला होता. त्या सक्तीने काही साधले नाही. पुढे १९५५ साली तो आपण होऊन लेक्सिंग्टनला गेला.

तेथून सुटल्यावर त्याने जे केले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. तो लगेच मैफलींत परतला नाही. शिकागो शहरात राहून त्याने झाडलोटीची व मजुरीची कामे केली. ज्या रात्रीच्या अड्ड्यांत वाजवणे आणि नशा ही दोन्ही एकाच टेबलावर मांडलेली असत, तेथे पाऊल टाकण्याइतके बळ आपल्यात आले आहे अशी खात्री होईपर्यंत तो दूर राहिला. १९५५ च्या अखेरीस तो पुन्हा वाजवू लागला आणि १९५६ साली त्याने जे ध्वनिमुद्रण केले ते जाझच्या इतिहासात मानाचे गणले जाते. पुढे १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात हाच गृहस्थ मुंबईस येऊन पवई येथील आश्रमात काही महिने राहिला, ही गोष्टही येथे नमूद करण्यासारखी आहे.

एका रॉलिन्सवरून सिद्धान्त बांधू नये. ज्याच्या अंगी अशी कला आहे त्याला परत जाण्यासाठी घर असते. साध्या माणसाला तेवढेही नसते. लेक्सिंग्टनहून बाहेर पडलेल्या सर्वांचे काय झाले? न्यूयॉर्क भागात परतलेल्या सुमारे १,९०० जणांचा पाठपुरावा करून १९६२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो मन खिन्न करणारा होता. दर दहांपैकी नऊहून अधिक जण पुन्हा व्यसनात सापडले होते आणि त्यांतील बहुतेकांना सहा महिनेदेखील लागले नव्हते. आपखुशीने आलेल्यांपैकी पुष्कळ जण तर उपचार पुरा होण्याआधीच निघून गेले होते.

म्हणजे मन तयार असले की झाले, हा आईचा समज येथे खोटा ठरतो. आपण होऊन येणाऱ्याचे मन आज तयार असते. परवा अंग मोडून येऊ लागले, झोप उडाली, की तेच मन घरची वाट धरते. इच्छा ही एकदा मिळाली की कायमची पदरात पडली, अशी वस्तू नव्हे. आम्हां गाणे शिकवणाऱ्यांना याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. मोठ्या हौसेने पेटी घेऊन आलेला विद्यार्थी अलंकार घोटण्याची वेळ आली की दिसेनासा होतो, आणि वडिलांनी कान धरून आणलेला एखादा, येण्याचे चुकवता येत नाही म्हणून येता येता, दोन वर्षांनी आपल्या आपण तंबोरा जुळवू लागतो. कान धरून आणलेले सगळेच गवई होतात असे मात्र कोणी समजू नये.

काकांचा समजही तितकाच पारखून घ्यावा लागेल. लेक्सिंग्टनमधील कैद्यांना पळून जाता येत नव्हते. तरीही बाहेर येताच बहुतेक पुन्हा घसरले. मग कमी काय पडले? याचा एक मासला जॉर्ज व्हेलंट या मनोविकारतज्ज्ञाने दाखवून दिला. लेक्सिंग्टनला जाऊन आलेल्या न्यूयॉर्कच्या १०० पुरुषांचा त्याने १२ वर्षे मागोवा घेतला आणि १९६६ साली निष्कर्ष छापले. केवळ आपखुशीने रुग्णालयात राहून आलेल्यांत वर्षभर व्यसनमुक्त राहिलेले अगदी विरळा निघाले. नुसता थोडक्या दिवसांचा तुरुंग भोगलेल्यांचीही तीच गत. परंतु ज्यांना निदान नऊ महिने कैद आणि तिच्यापाठोपाठ निदान एक वर्ष पॅरोलची देखरेख मिळाली, त्यांच्यापैकी सुमारे दोनतृतीयांश लोक वर्षभर किंवा अधिक काळ व्यसनापासून दूर राहिले.

पॅरोल म्हणजे सुटका झाली तरी अधिकाऱ्यापुढे ठरलेल्या दिवशी हजेरी द्यावयाची, नोकरी धरून ठेवावयाची, आणि चुकल्यास परत आत जावयाचे. व्हेलंटच्या मते गुण भिंतींचा नव्हता. सुटल्यानंतर रोजच्या जगण्याला जी चौकट मिळाली, तिचा होता. नोकरी, हजेरी, कोणीतरी विचारणारे माणूस. अर्थात येथे एक सावधगिरी हवी. हा गट लहान होता, आणि पॅरोल कोणाला द्यावयाचा हे अधिकारीच ठरवीत. तेव्हा मुळात सुधारण्याजोगी माणसेच त्यांनी निवडली असण्याचा संभव आहे. तरीही मूळ मुद्दा ध्यानात घेण्यासारखा आहे. रोग्याला आत कोंडून ठेवणारी सक्ती वेगळी आणि बाहेर आल्यावर त्याच्याबरोबर चालणारी सक्ती वेगळी.

आपल्या रंगभूमीने हे फार पूर्वी ओळखले होते. राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले आणि बालगंधर्वांच्या सिंधूने घरोघरच्या बायकांना रडवले. पण डोळे पुसून झाल्यावर सुधाकराकडे जरा नीट पाहावे. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि त्या घटकेला तो निश्चय अगदी खरा असतो. त्यानंतर तो कामाच्या शोधात बाहेर पडतो, जुने ओळखीचे लोक त्याला झिडकारतात, आणि त्या अपमानाच्या भरात तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. त्याला उपदेश कमी पडला नाही. सिंधूचे अश्रू होते, मित्रांची विनवणी होती. कमी पडली ती निश्चयाच्या दुसऱ्या दिवसाची सोय. त्याला कोणी काम दिले असते, रोज संध्याकाळी कोणी त्याची चौकशी केली असती, तर गडकऱ्यांना कदाचित वेगळा पाचवा अंक लिहावा लागला असता.

सयाजीराव महाराजांच्या सक्तीतही हेच शहाणपण होते. शाळा सोडल्यावर मुलगा नांगराला लागतो आणि चार वर्षांत शिकलेले अक्षर विसरतो, हे ध्यानी आल्यावर त्यांनी केवळ दंड वाढवीत बसण्यापेक्षा वाचनालये उघडली. १९१० साली विल्यम बॉर्डन हा अमेरिकन ग्रंथपाल त्यांनी बडोद्यास आणला आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. सक्तीने अक्षर आले. ते टिकले वाचनालयामुळे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात या वाचनालयाचे काम कोण करील, एवढेच पाहावयाचे आहे.

अमेरिकेत ते काम काही अंशी न्यायालयांनी अंगावर घेतले. १९८९ साली फ्लोरिडातील मायामी येथे व्यसनी आरोपींसाठी एक खास न्यायालय सुरू झाले. आरोपीस तुरुंग आणि उपचार यांतून निवड करता येते. उपचार पत्करला तर वर्षभर किंवा अधिक काळ त्याने नियमाने उपचारास जावयाचे, वेळोवेळी लघवीची तपासणी द्यावयाची, आणि दर थोड्या दिवसांनी त्याच न्यायाधीशापुढे उभे राहावयाचे. चुकला तर शिक्षा लहान पण हमखास. नीट चालला तर भर न्यायालयात त्याचे कौतुक होते, लोक टाळ्या वाजवतात. सगळे पार पडले म्हणजे मूळ आरोप काढून टाकला जातो किंवा शिक्षा हलकी होते. अशा न्यायालयांच्या १५४ पाहण्या एकत्र करून २०१२ साली हिशेब मांडण्यात आला. प्रौढांच्या न्यायालयांपुरते पाहता, नेहमीच्या मार्गाने गेलेल्या आरोपींपैकी शेकडा ५० पुन्हा गुन्ह्यात सापडतात असे धरले, तर या मार्गाने गेलेल्यांपैकी शेकडा ३८ सापडतात, असे त्याचे सार निघाले. हा चमत्कार नव्हे. पण शंभरांतील बारा घरे वाचली तर तीही थोडी नव्हेत.

आता नाण्याची दुसरी बाजू. गुन्हेगारांवरील सक्तीच्या उपचारांच्या १२९ अभ्यासांचा आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सक्तीचा उपचार सरसकट निष्फळ ठरला, विशेषतः तो कोठडीच्या आत दिला असेल तेव्हा; आपखुशीने घेतलेल्या उपचाराचा गुण मात्र दिसून आला. व्यसनी माणसांना कोंडून सक्तीने उपचार करणाऱ्या पद्धतींबद्दलचे जगभरचे अभ्यास २०१६ साली चाळण्यात आले, तेव्हा कसोटीस उतरणारे जेमतेम ९ अभ्यास सापडले आणि त्यांतून अशा उपचारांच्या बाजूने ठोस पुरावा निघाला नाही. उलट काहींत अपायच दिसला. त्याआधीच, २०१२ साली, संयुक्त राष्ट्रसंघाच्या १२ संस्थांनी एकत्र येऊन अशी सक्तीची कोंडवाडेवजा केंद्रे बंद करा, असे सर्व देशांना आवाहन केले होते. बायकोला मारहाण करणाऱ्या पुरुषांना न्यायालये जे वर्ग लावतात त्यांची कथाही फारशी उमेद देणारी नाही. २२ अभ्यासांच्या २००४ सालच्या आढाव्यात असे दिसले की, नुसती अटक व शिक्षा झालेल्या पुरुषाच्या बायकोपेक्षा, ज्याला त्याखेरीज वर्गालाही पाठवले त्याच्या बायकोला पुन्हा मार बसण्याचा संभव अवघा शेकडा ५ ने कमी असतो.

मग खरे काय मानावयाचे? हे निष्कर्ष परस्परविरोधी दिसतात खरे, पण जवळून पाहता त्यांत एक सूत्र सापडते. जेथे सक्ती म्हणजे कुलूप आहे, तेथे ती हरते. जेथे सक्ती म्हणजे हजेरी आहे, निवडीला थोडी तरी जागा आहे, आणि उपचार बरा आहे, तेथे ती काहीशी उपयोगी पडते. याला पुष्टी देणारा एक प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाला. एका कारखान्यातील २२७ मद्यपी कामगारांना, नोकरी टिकवावयाची तर उपचार घ्या, असे सांगण्यात आले. चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने त्यांचे तीन गट पाडले. एकास रुग्णालयात ठेवले, दुसऱ्यास मद्यमुक्तांच्या मंडळांत नुसती हजेरी लावण्यास सांगितले, तिसऱ्यास काय करावयाचे ते निवडू दिले. दोन वर्षांनी पाहता नोकरीच्या बाबतीत तिन्ही गट सारखेच निघाले. पण पिण्याच्या बाबतीत रुग्णालयाचा गट सर्वांत बरा आणि नुसत्या हजेरीचा गट सर्वांत मागे पडला. नोकरीचा धाक तिघांनाही एकच होता. धाकाच्या पुढे काय वाढून ठेवले आहे, त्यावर फरक पडला.

देखरेख हे सर्वच रोगांवरचे औषध, असेही मात्र मानू नये. इंग्लंडमध्ये गंभीर मनोविकाराच्या ३३६ रोग्यांवर असाच एक प्रयोग झाला. रुग्णालयातून घरी जाताना काहींवर कायद्याची दीर्घ मुदतीची देखरेख ठेवली, काहींना थोड्या दिवसांच्या सैल व्यवस्थेवर सोडले. २०१३ साली निकाल आला तेव्हा वर्षभरात पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत शेकडा ३६ असे सारखेच निघाले. व्यसनाचे गणित जसेच्या तसे दुसऱ्या आजाराला लावू नये, हा याचा धडा.

उपचाराच्या खोलीत नेमके काय घडते, तिकडेही वळू. धरून आणलेला माणूस पहिल्या दिवशी हाताची घडी घालून बसतो. "मला काही झालेले नाही, मला पाठवले म्हणून आलो," एवढेच त्याचे म्हणणे. जुन्या पद्धतीचे समुपदेशक त्याला खडसावून त्याचे दोष त्याच्या पदरात घालीत. तो अधिकच ताठ होई. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली वेगळी वाट सुचवली. वाद घालू नका. तुम्ही बदलाच्या बाजूने बोललात की तो दारूच्या बाजूने बोलणार, हा मनुष्यस्वभावच आहे. त्यापेक्षा त्यालाच विचारा, या पिण्यातून तुला काय मिळते आणि तुझे काय जाते? "पाठवले म्हणून आलो" हेही खरे मानून चाला, आणि मग विचारा, "पाठवणाऱ्यांचा ससेमिरा सुटावा, यासाठी काय करावे असे तुला वाटते?" बदलाची कारणे त्याच्या स्वतःच्या तोंडून निघाली म्हणजे ती त्याची होतात. चांगला गुरूदेखील शिष्याची चुकलेली जागा दरवेळी गाऊन दाखवीत नाही. पुन्हा गा म्हणतो, आणि शिष्याच्या कानाला ती खटकेपर्यंत थांबतो.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट १९९० नंतरच्या दशकात मनोरुग्णालयांत भरती झालेल्या रोग्यांशी बोलून अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिली. कागदावरची सक्ती आणि मनाला वाटणारी सक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत. कायद्याने दाखल झालेल्या काहींना आपल्यावर जबरदस्ती झाली असे वाटत नव्हते. आपखुशीची सही केलेल्या काहींना मात्र तसे वाटत होते. फरक पडला तो वागणुकीमुळे. माझे म्हणणे कोणी ऐकले काय, मला खरे सांगितले काय, मला मानाने वागवले काय, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असली तर सक्तीचा काटा पुष्कळ बोथट होतो. फसवून नेणे, धमकावणे, ओढत नेणे यांनी तो खोल रुततो.

आपल्या देशाच्या कायद्यानेही ही मेख बरीच ओळखली आहे. अमली पदार्थांविरुद्धच्या १९८५ च्या कायद्याचे कलम ३९ असे की, थोड्या प्रमाणातील मालासाठी किंवा सेवनासाठी दोषी ठरलेला माणूस व्यसनी असेल तर न्यायालय शिक्षेऐवजी त्यास उपचारासाठी सोडू शकते. पण त्यास त्याची स्वतःची संमती लागते, आणि उपचाराचा निष्कर्ष एका वर्षाच्या आत न्यायालयापुढे मांडावा लागतो. कलम ६४-अ प्रमाणे अशा गुन्ह्यातील व्यसनी आपण होऊन उपचारास गेला तर त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार अर्धा टाकला तर ही सवलत काढून घेता येते. निवड, हजेरी आणि परिणाम ही तिन्ही येथे आहेत. कागदावरची ही तरतूद प्रत्यक्षात वापरण्यासाठी वकिलांनी व कुटुंबांनी ती माहीत करून घेतली पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक विकारही आपल्या कक्षेत घेतले. त्याप्रमाणे रोग्याच्या मर्जीविना भरती करावयाची तर तज्ज्ञांनी त्यास तपासावे लागते, स्वतःस वा इतरांस धोका असल्यासारखी ठरावीक कारणे लागतात, आणि पहिली मुदत ३० दिवसांच्या पुढे जात नाही. अर्ध्या रात्री चार दांडगे बोलावून पोराला गाडीत कोंबावे, हे कोणत्याही कायद्यात बसत नाही.

आपण गुजरातेत राहणारे लोक तर दारूबंदीच्या राज्याचे रहिवासी. सक्तीचा अर्थ आपल्याला वेगळा सांगावयास नको. बाटली दुकानात दिसत नाही एवढ्याने घरातील पिणारा थांबत नाही, हे ज्याच्या घरी जळते त्याला ठाऊक असते. शिवाय बंदीमुळे अब्रूची भीती दुप्पट होते. पिणारा गुन्हेगारही ठरतो, म्हणून घरचे लोक डॉक्टरकडे जाण्यासही कचरतात आणि रोग झाकून ठेवतात. रावपुऱ्यातील किंवा दांडिया बाजारातील जुन्या वाड्यांतून 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांनी जितका उशीर केला आहे तितका रोग्याच्या हट्टानेही केला नसेल.

पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. मराठी माणसाने या विषयातील आपला आदर्श तेथे शोधावा. तेथे येणाऱ्यांत घरच्यांच्या आग्रहाला कंटाळून आलेले कमी नसतात. पण आत आल्यावर त्यांची गाठ पडते ती पहारेकऱ्याशी नव्हे, तर पुष्कळदा स्वतः त्या वाटेने जाऊन परत आलेल्या माणसाशी. आणि घरी परतल्यावर गावोगावच्या पाठपुराव्याच्या मंडळांत जाता येते, घरच्यांसाठीही वेगळे गट असतात. फिरत्या वाचनालयाचीच ही दुसरी आवृत्ती होय.

तेव्हा आई आणि काका, दोघांनाही अर्धा अर्धा कौल द्यावा लागेल. मन पूर्ण तयार होण्याची वाट पाहत बसू नये, हे काकांचे खरे. उपचारास ढकललेला माणूसही बरा होऊ शकतो, आणि ढकललेला असल्यामुळे तो पहिल्या कठीण आठवड्यांत टिकून राहण्याचा संभव वाढतो. पण ढकलणे म्हणजे कोंडणे नव्हे, हे आईचे खरे. घरच्यांनी अट घालावी ती उघड घालावी. "उपचार घेतलास तर हे घर तुझे आहे, घेतला नाहीस तर पैसे मिळणार नाहीत, तुझी खोटी रजाचिठ्ठी कोणी लिहिणार नाही," असे तोंडावर, शांतपणे सांगावे. घातलेली अट मोडू देऊ नये, आणि जी पाळवणार नाही ती घालूच नये. कोठे जावयाचे याची दोन नावे पुढे ठेवून निवड त्याला करू द्यावी.

केंद्र निवडताना फी आणि इमारत पाहण्याआधी काही गोष्टी विचाराव्या. संस्थेची सरकारी नोंदणी आहे काय? डॉक्टर रोज येतात काय? रोग्याला घरच्यांशी बोलू देतात काय? मारतात काय? आणि सर्वांत मुख्य म्हणजे, तो घरी आल्यावर पुढे काय? या शेवटच्या प्रश्नास जेथे उत्तर नाही, तेथे पैसे आणि माणूस दोन्ही ठेवू नयेत.

तो घरी परततो त्या दिवशी देवापुढे साखर ठेवून सारे जण सुटकेचा श्वास टाकतात, ते साहजिकच आहे. पण त्याच दिवशी पंचांगाशेजारी एक कागद टांगावा. मंडळाचा वार कोणता, डॉक्टरांकडे जाण्याची तारीख कोणती, सकाळी कामावर किती वाजता निघावयाचे, संध्याकाळी त्याच्याबरोबर फिरावयास कोण जाणार, आणि पाय घसरलाच तर त्या रात्री कोणाला फोन करावयाचा, हे त्यावर त्याच्या हाताने लिहून घ्यावे. निदान एक वर्ष तो कागद उतरवू नये.